नऊ खाली

३ मार्च

आणि दादाने गाडी सुटता सुटताही तेच ऐकवलं, की तू कुठे टिकत नाहीस. टिकत नाहीस म्हणजे काय? पिठाच्या गिरणीत दम लागायचा, म्हणून ती सोडली. छापखान्याचा मालक नेमका पगाराच्या दिवशी आजारी पडायचा. ट्रकवाल्याशी हाणामारी झाली ती माझ्यामुळे, हे मी कधी नाकारलं? पण उठता बसता 'भिंगरी' म्हणायचं, वर वहिनीकडे बघून हसायचं, आणि मी तोंड उघडलं की म्हणायचं, बघ, लगेच तापला.

चिमी तिथेच उभी होती. सहा वर्षांची पोरगी, तिच्यासमोर हे सगळं. तिची आई गेल्यापासून ती दादाकडे आहे, ते मान्य. दादाची स्वतःची तीन, खोली एकच, तेही मान्य. पण तिच्या देखत म्हणाला, या महिन्यात पैसे आले नाहीत तर हिला एखाद्या संस्थेत ठेवणार, मग माझ्या नावाने बोंबलू नकोस. चिमीने विचारलं, संस्था म्हणजे काय. तेवढ्यात गाडी सुटली.

असो. इथे पोचलो आणि राग उतरला. जागा झकास आहे. गावाबाहेर लाकडाची वखार, तिच्यामागे दोन मजली दगडी इमारत. पूर्वी हा अनाथाश्रम होता. बारा वर्षं बंद आहे, आता पुन्हा सुरू करायचा घाट आहे. महिनाअखेर सरकारी तपासनीस येणार, त्याला जुन्या मुलांच्या नोंदी दाखवायच्या, आणि मूळ बाडं कसरीने खाल्लेली. ती नव्या वहीत सुवाच्य उतरवायची, एवढंच माझं काम. शाळा सहावीत सुटली, पण अक्षर चांगलं आहे. मास्तरांच्या पट्टीची कृपा. मी म्हटलं, शिकलेला माणूस नाही मिळाला? मॅनेजर म्हणाला, शिकलेले शंका फार काढतात. मॅनेजर म्हणजे सडपातळ, खिशाला तीन पेनं, बोलताना स्वतःच्या नखांकडे बघणारा. हात चालू राहावा म्हणून ही वही त्यानेच दिली.

स्वयंपाकाला एक मावशी आहेत. साठीच्या, पण मनगटं माझ्या पोटरीएवढी. ताटात दोनदा वाढलं आणि म्हणाल्या, तुझ्या घरच्यांनी तुला काठीवर वाळत घातला होता का रे? इतकं हसलो की घास अडकला.

झोपायला मुलांची जुनी खोली. दोन रांगांत वीस लोखंडी पलंग, भिंतीवर पांढऱ्या रंगात नंबर. मी खिडकीजवळचा चार नंबर धरला. पलंगांचे पाय फरशीत बोल्टने आवळलेत. विचारलं, पोरं पलंग घेऊन पळायची की काय? मावशी हसल्या. मॅनेजर नाही हसला.

६ मार्च

सात बाडं आहेत, कापडी बांधणीची. वरच्या मजल्यावरच्या नोंदींच्या खोलीत बसून लिहितो. वखारीची करवत दिवसभर चालते. इथे कुणी ओरडलं तरी शेजारच्या खोलीत कळणार नाही. पण सवय झाली.

पहिल्या दोन बाडांत एकच हात आहे, गोल आणि मोठा. हे लिहिणारे मोठे गुरुजी, त्यांनीच आश्रम काढला. साथीत गावच्या गावं ओस पडली तेव्हा वखारीच्या मालकाकडून इमारत मागून घेतली आणि पोरं गोळा केली. बऱ्याच मुलांना नाव नव्हतं, मग गुरुजींनी जे सुचलं ते ठेवलं. शीळवाला: 'बोलत नाही, पण शीळ ऐकून दूधवाला दोनदा परत आला.' बटण: 'सदऱ्याचं बटण गिळलं, तिसऱ्या दिवशी मिळालं, आनंद.' हे उतरवताना मी एकटाच हसत बसलो.

मूल परत गेलं की गुरुजी सगळं लिहायचे. कोण न्यायला आलं, त्याचा अंगठा, आणि सोबत काय दिलं: दोन सदरे, चप्पल, वाटेसाठी गूळ. शीळवाल्याला त्याची आत्या घेऊन गेली. तिचा अंगठा इतका लहान आहे की मी माझा त्यावर ठेवून पाहिला.

एका मुलीचा शेरा मात्र निराळा. मुलगी, वय चार, 'ठोकळी'. 'हात चालतो. इतरांना मारते. समज दिली.' पुढच्या वर्षी पुन्हा समज दिली. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा.

तिसऱ्या बाडाची शेवटची पानं ओल लागून चिकटली आहेत. मॅनेजर म्हणाला, राहू दे, फाटतील, पुढचं घे.

९ मार्च

चौथ्या बाडापासून हात बदलला. गुरुजी बहुतेक वारले. नवीन अक्षर तिरपं, देखणं, पण माया नाही त्यात. हसण्यासारखं काही नाहीच. 'शिस्त' हा शब्द फार येतो. 'शिस्त, पळीने.' 'शिस्त, उपाशी दोन दिवस.' 'शिस्त, बत्त्याने.' मी दोनदा वाचलं. बत्ता म्हणजे खलबत्त्यातला लोखंडी बत्ताच ना?

आणि मग शेवटी: '९ खाली.' किंवा '१३ खाली.' पुढे 'कपडे जमा' आणि रेघ.

मॅनेजरला विचारलं. तो नखं बघत म्हणाला, खाली म्हणजे रिकामा. नऊ नंबरचा पलंग खाली झाला, म्हणजे मूल घरी गेलं. तू आपलं 'घरी परत' लिही, तपासनिसाला बरं वाटतं. मी म्हटलं, बत्त्याचं काय लिहू? म्हणाला, शिस्त हा शब्द पुरेसा आहे.

मला ते पटलं. कारण संध्याकाळी मावशींनी बाजाराची यादी दिली, तिच्यातही तसंच: 'तेलाचा डबा खाली, साखर खाली.' म्हणजे इकडे रिकाम्याला खाली म्हणायची रीतच दिसते. आमच्याकडे कुणी तसं लिहिलं असतं तर वहिनी डब्याच्या खाली बघायला गेली असती.

'घरी परत' लिहायला बरं वाटतं. आज अकरा पोरं घरी पाठवली.

१२ मार्च

आज इतका खूश आहे की वखारीतल्या हमालालाही चहा पाजला.

मॅनेजरनेच विषय काढला. म्हणाला, एप्रिलपासून मुलं घेणार, तर तुझी मुलगी आण की इथे. फुकटात राहील, बापाच्या डोळ्यांसमोर राहील, आणि तुलाही कायमचा ठेवून घेतो. दादा संस्थेची भीती घालत होता ना, घे म्हणावं, संस्था, आणि तिथला लेखनिक तिचा बाप.

मावशींना तर किती आनंद. चिमी केवढी आहे, रडते का, अंथरूण ओलं करते का, उलट बोलते का, सगळं विचारलं. मी म्हटलं, उलट बोलण्यात माझ्या वरताण आहे. मावशी म्हणाल्या, बोलू दे, वळण लावू. तिला नऊ नंबर देऊ.

लगेच दादाला पत्र टाकलं, की चिमीला घेऊन ये. खाली मुद्दाम सही केली: भिंगरी.

१५ मार्च

झोपायच्या खोलीची फरशी बदलायला गवंडी आलाय. ठेंगणा, मिशाळ, तोंडाची टकळी अखंड सुरू. माझी वही बघून म्हणाला, तू लिहितोस त्यात माझंही लिही, की या माणसाने उभ्या जन्मात एक फरशी वाकडी बसवली नाही, फक्त बायको वाकडी निघाली. दुपारी त्याला वाळू उचलून द्यायला जातो. पैसे नाहीत त्याचे, पण बसून बसून माझ्या पायांना मुंग्या येतात.

त्याने एक गोष्ट दाखवली. खोलीतली जमीन सगळीकडे नीट आहे, पण पलंगांच्या खाली बसली आहे. सगळ्यांच्या नाही, ठरावीक. एक, चार, नऊ, तेरा, सतरा. हातोडीच्या दांड्याने ठोकून ऐकवलं. मधे ठण्ण वाजतं, पलंगाखाली भद्द. म्हणाला, इथे कुणीतरी उकरून पुन्हा भरलंय, आणि धुमस न घालता भरलंय, गाढवाने. हे उकरून नीट दाबल्याशिवाय वर फरशी टिकणार नाही.

मॅनेजर म्हणाला, उकरायचं नाही, वरून मसाला ओतून सपाट कर. गवंड्याला राग आला. मला म्हणाला, दोन पावसाळ्यांनी फरशी खचली की लोक माझं नाव घेतील, या तीन पेनांचं नाही.

मी चारवर झोपतो. हे त्याला सांगितलं नाही.

१७ मार्च

दादाचं उत्तर आलं. चोवीस तारखेला चिमीला घेऊन येतोय. तेवीसला निघणार. वर लिहिलंय, शेवटी एकदाची अक्कल आली.

पत्र वाचून खिशात ठेवलं आणि कामाला बसलो. पाचवं बाड. एक मुलगी, 'बोबडी', वय पाच. पलंगाच्या रकान्यात २. शेरा: 'शिस्त, बत्त्याने. ९ खाली. कपडे जमा.'

'घरी परत' लिहिलं आणि हात थांबला. ही दोनवर झोपायची. घरी गेली तर दोन खाली होईल. नऊ कसा होईल?

मागची पानं काढली. '९ खाली' सात जणांपुढे आहे. सातही जण दुसऱ्याच पलंगांवरचे. नऊवर कुणाचंच नाव नाही. पूर्ण बाडात नऊवर कुणी झोपलेलंच नाही, आणि तो सात वेळा खाली झाला.

अंगठे नाहीत. न्यायला कोण आलं ते नाही. आणि 'कपडे जमा'. मूल घरी गेलं ते काय उघडं गेलं?

मावशींची यादी अजून खिशात होती. काढून बाडाशेजारी ठेवली. तोच तिरपा हात. 'ख'ची शेपटी विंचवासारखी वर वळलेली. मावशी म्हणाल्या होत्या की त्या इथे नव्या आहेत, दोन महिन्यांपूर्वी लागल्या.

जेवताना सहज विचारल्यासारखं केलं, की दोनची पोर गेली तर नऊ कसा खाली? त्या वाढत राहिल्या. म्हणाल्या, तुला उतरवायला ठेवलाय, वाचायला नाही.

उद्याच पोस्टात जाऊन दादाला तार करावी. पण काय लिहू? पोरीला आणू नकोस, इथे पलंगाचा हिशेब लागत नाही? दादा हसेल. वहिनीला म्हणेल, बघ, पंधरा दिवस झाले आणि पळायला निमित्त सापडलं. एकदा खात्री करून घेतो. गवंड्याला सांगतो, नऊ उघड.

१९ मार्च

लिहितोय. हात थांबत नाही, म्हणून लिहितोय.

काल पूर्ण दिवस मॅनेजर इथेच होता. आज सकाळी सायकल घेऊन गावात गेला. गवंड्याला मी म्हटलं. तो वाटच बघत होता. नऊचे बोल्ट कापले, पलंग सरकवला, दोन फरशा पहारीने उचलल्या. हातभर माती. मग एक चप्पल. माझ्या तळहाताएवढी. गवंडी म्हणाला, कुणाची तरी राहिली वाटतं. थट्टा करायला गेला आणि त्याला जमलं नाही.

मग हाडं. बारीक. एकावर एक. मग एक डोकं, मागून आत गेलेलं, पेल्याला पोचा येतो तसं. गवंडी खड्ड्यात गुडघ्यांवर होता. त्याने टोपी काढली.

मावशी चहा घेऊन आल्या. करवत चालू होती, पावलं ऐकू आली नाहीत. पेला त्यांनी खिडकीत ठेवला, सावकाश, सांडू नये म्हणून. मग गवंड्याचाच घण उचलला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मी ओरडलो की नाही मला माहीत नाही. पहिला मानेवर बसला. गवंडी खाली बसला आणि माझ्याकडे बघितलं, मीच मस्करी केली असं समजून. दुसरा तोंडावर. तिसऱ्यानंतर आवाज बदलला. ओल्या पोत्यासारखा. त्या थांबल्या नाहीत. दम लागला तेव्हा पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, झाडू आण.

मी पळालो. फाटकात मॅनेजर. त्याला मी सगळं सांगितलं, त्याच्या शर्टाला धरून सांगितलं. त्याने सायकल लावली, कुलूप घातलं, किल्ली खिशात ठेवली. म्हणाला, दाखव कुठे. मी पुढे झालो. मी पुढे झालो, मूर्खासारखा. दारात पहार पडली होती. त्याने ती उचलली आणि माझ्या गुडघ्यावर —

पाय उलटा वळला. मी पाहिलं. उलटा.

२० मार्च

नोंदींच्या खोलीत आहे. बाहेरून कडी. पाय सुजून लाकूड झालाय, कातडं काळं. मावशी सकाळी ताट घेऊन आल्या. दोनदा वाढलं. म्हणाल्या, खा, हात थरथरायला नकोत.

मला जिवंत का ठेवलं ते मॅनेजरने सरळ सांगितलं. दोन बाडं उतरवायची राहिली आहेत, आणि अक्षर एकच दिसायला हवं. ती संपली की मी संपलो. म्हणून सावकाश लिहितो. पण तेवीसला दादा निघेल. सावकाश लिहिलं तर चिमी येते. भराभर लिहिलं तरी येतेच.

कामाच्या वहीत एक ओळ लिहितो, इथे एक. पावलं आली की ही वही बाडाखाली.

तिसऱ्या बाडाची चिकटलेली पानं तोंडाच्या वाफेने सोडवली. आता भीती कसली.

गोल अक्षर अर्ध्या पानावर थांबतं. शेवटची ओळ गुरुजींची: 'ठोकळी, वय एकोणीस. धाकट्या मुलावर बत्ता उगारला. आज तिला कायमचं जायला सांगणार.'

खाली तिरपी ओळ, पहिलीच. 'मोठे गुरुजी. शिस्त. १ खाली.'

सहाव्या बाडात एक मुलगा आहे. वय दहा. पलंग ४. शेरा मोठा आहे, इतरांपेक्षा मोठा: 'रडत नाही. खड्डा नीट काढतो. मला आई म्हणतो. राहू दे.'

मॅनेजर मावशींना 'आई' म्हणून हाक मारतो ते मी पंधरा दिवस ऐकतोय. मला वाटलं, खरंच तिचा मुलगा.

२१ मार्च

दुपार. खाली दोघं भांडतायत. आज वखार बंद, सगळं ऐकू येतं.

मॅनेजर म्हणतो, याचा भाऊ आला तर याला बघायला मागेल. गवंड्याची बायको दारात येऊन गेली, तिला कसंबसं वाटेला लावलं. आई, आत्ता नको. तपासनीस होऊन जाऊ दे.

ती म्हणते, नऊवर चादर घातलीय मी. नवी.

तो म्हणतो, आई, ऐक. ती म्हणते, भाऊ जेवून निघेल ना, की त्यालाही वाढू?

मग तो वर आला. घामाने भिजलेला. मी त्याला म्हटलं, एकच मार्ग आहे, दादाला पैसे पाठव. पैसे आले तर तो चिमीला हलवणार नाही, मी ओळखतो त्याला. त्याला गाडीभाडं जिवावर येतं. तारेने पाठव, उद्या पोचतील, तो परवा निघणार. माझा पगार घाल. गवंड्याच्या बंडीत होते ते घाल. मॅनेजर नखांकडे बघत राहिला. मग खाली गेला आणि पोस्टाचा फॉर्म घेऊन आला. एकच. म्हणाला, निरोपाच्या जागेत मी सांगतो तेच लिहायचं, आणि आईला कळता कामा नये, पोस्ट पाचला बंद होतं.

माझ्यासाठी नाही करत आहे तो. घाबरलाय म्हणून करतोय. चालेल. घाबरू दे.

तो सायकल काढतोय. खिडकीखाली फॉर्म टाकायचा, तो उचलेल.

फॉर्म एकच आहे आणि हात — आधी इथे लिहून बघतो. खाडाखोड झाली तर पोस्टात घेत नाहीत.

निरोप: दादा, काम वाढलं आहे, येऊ नका. चिमीला तुझ्याकडेच ठेव. दर महिन्याला पाठवीन. तिला

नाही. एवढंच. तिला काय ते पुन्हा कधी

जिन्यावर पावलं. जड. त्याची नाहीत, तो खाली घंटी वाजवतोय, दोनदा, तीनदा, लवकर टाक म्हणून —

ती मधल्या पायरीवर थांबली. दम घेते आहे. विचारते आहे, झाली का रे बाडं?

झाली नाहीत म्हटलं. थोडी राहिलीत. एक पान.

फॉर्म लिहिला. निरोप झाला. पत्ता झाला. रक्कम राहिली, तीही आधी इथे. कडी काढते आहे

अंकी: १,४४५

अक्षरी: एक हजार चारशे पंचे